सकाळची मळमळ आणि लांबवलेली तपासणी

पंचाण्णव सालच्या हिवाळ्यात सकाळी जाग आली की मी डोळे उघडायला घाबरायचे. मिटलेले असले तर नुसतं पोटात ढवळायचं. उघडले की छताचा बंद पंखा हळूहळू डावीकडे सरकायला लागायचा. मग भिंत, मग खिडकी. उठून बसेपर्यंत तोंडाला पाणी सुटायचं आणि मोरी गाठेपर्यंत उलटी. डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, कुणी मूठ दाबून धरल्यासारखं दुखायचं. उलटी झाली की ते दुखणं उतरायचं. दहा वाजेपर्यंत मी चांगली व्हायचे, भूक लागायची, भाकरी खाऊन कामाला जायचे.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. इंदापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. पती हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणते. त्यांच्या आई कौसाबाई, माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आणि मी भिगवणच्या अलीकडच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स होते. लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, गरोदर बायांची नावं वहीत लिहायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या वहीत माझं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती.

तेव्हा माझ्या सकाळच्या मळमळीचा घरात काय अर्थ लावला गेला, हे सांगायला नको.

तीन आठवडे

त्या महिन्यात पाळीही चुकली. माझी पाळी तशी कधीच वेळेवर नव्हती, पण त्या महिन्यात मला ते आठवायचं नव्हतं. आत्याबाईंनी चौथ्या दिवशी माझी उलटी ऐकली आणि काही न विचारता एका घमेल्यात चुलीची राख घालून ते माझ्या अंथरुणाशी ठेवलं, मोरीपर्यंत पळावं लागू नये म्हणून. विहिरीवरून पाणी आणणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. रॉकेलच्या वासानं मला जास्त मळमळतं असं दिसल्यावर सर माझ्या आधी उठून स्टोव्ह बाहेर ओट्यावर नेऊन चहा करायला लागले. थंडीत कानाला मफलर गुंडाळून ते स्टोव्हला पंप मारायचे, तो आवाज मी आतून ऐकायचे. संध्याकाळी शाळेतून येताना डाळिंब आणायचे आणि दाणे सोलून वाटीत ठेवायचे. नऊ वर्षांत ते माझ्याशी कधी वाईट वागले नव्हते, पण इतकं हलक्या हातानंही कुणी मला वागवलं नव्हतं.

मी रोज दहा बायांना सांगायचे, पाळी चुकली की लघवी तपासून घे, अंदाजावर राहू नको. स्वतःची मात्र तीन आठवडे तपासली नाही. इंदापुरातला लॅबवाला ओळखीचा आहे, बातमी फुटेल, असं मी सरांना सांगितलं. बारामतीला जाऊ म्हटलं आणि प्रत्येक रविवारी काहीतरी कारण काढलं. खरं कारण एवढंच, की जोवर तपासलं नव्हतं तोवर मला दिवस गेलेले होते.

न जुळणाऱ्या गोष्टी मला दिसत होत्या. दिवस गेलेल्या बाईचं रोज सकाळी डोकं मागून दुखत नाही. एसटीच्या पायरीवर माझा पाय दोनदा चुकला होता. घरात मी भिंतीला बोटं टेकवत चालायला लागले होते. नोंदवहीतल्या माझ्या ओळी उजव्या टोकाला खाली उतरत होत्या. एवढं शिकलेली मी, पण ते सगळं बाजूला सारत गेले. भिगवणच्या स्टँडवर मासळीच्या पाट्यांजवळून जाताना उमळून आलं, तर त्याचाही मी आनंद मानला.

शेवटी जळोचीच्या माझ्या थोरल्या बहिणीनं मला सोबत नेलं. बारामतीत एका बाई डॉक्टरांकडे. त्यांनी लघवी तपासली, पोट तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं की दिवस नाहीत. पित्त असेल, रक्तही कमी दिसतंय. गोळ्या लिहून दिल्या. बहीण मला एसटीत बसवून गेली. इंदापूरपर्यंतचे दोन तास मी खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसले. रडू आलं नाही. घरी गेल्यावर आधी कुणाला सांगायचं, याचाच विचार करत होते.

दारात आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी तिथंच सांगून टाकलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, जेवून घे आधी. सर शाळेतून आले, त्यांनाही सांगितलं. ते मान हलवून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं परतले.

राखेचं घमेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा सरकला, पोटात ढवळलं. मी सवयीनं अंथरुणाच्या कडेला हात नेला आणि हाताला घमेलं लागलं. ताजी राख घातलेलं. मला वाटलं होतं, ते आता नसेल.

माझी उलटी होईपर्यंत आत्याबाई पाठीवर हात ठेवून बसल्या. मी म्हटलं, आता कशाला करताय, तपासणीत काही नाही. त्यावर त्या जे बोलल्या ते मी आजवर अनेकांना सांगितलंय.

"पोर न्हाय तर न्हाय. पर उलटी तर खरी हाय ना? ती कशाची हाय ते बघाया पायजे."

बाकी सगळ्यांनी मात्र उलटीही तपासणीबरोबरच पुसून टाकली होती. बहीण म्हणाली, मनाला फार लावून घेतलंस. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या बदलल्या, दुसऱ्यांनी चक्करीच्या दिल्या. दोघांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की मूल नसलेल्या बायकांना असं होतं. त्या डॉक्टरांचाही दोष नाही. मी डोकं मागून दुखतं हे सांगायचे, पण उलटीनंतर ते उतरतं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझंही मत हळूहळू तेच होत चाललं होतं की हे मनाचं आहे.

घरातही ताण आला. एका सकाळी जाग आली ती रॉकेलच्या वासानं. सरांनी स्टोव्ह आत पेटवला होता. मला वाटलं, आता बाहेर थंडीत बसण्याइतकी माझी किंमत राहिली नाही. मी तसं तोंडानं बोलूनही दाखवलं, फार कडू बोलले. सर म्हणाले की रात्रभर त्यांना ताप होता, बाहेर बसवेना, आणि वासाचं लक्षात आलं नाही. मी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ तापलेलंच होतं. आम्ही दोघं त्या दिवशी रजा घेऊन घरी राहिलो आणि आत्याबाईंनी दोघांनाही पातळ मऊ भात घातला.

जानेवारीत सिरिंजवरच्या रेघा मला दोन-दोन दिसायला लागल्या. एका बाळाला लस टोचायची होती. मांडी पकडली, सुई धरली आणि कळेना की दोनपैकी कुठल्या रेघेपर्यंत औषध भरलंय. मी सुई खाली ठेवली, त्या आईला सांगितलं की पुढच्या आठवड्यात ये, आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी घाबरले. माझ्यापुरतं काय ते मी सोसत होतेच, पण आता दुसऱ्याच्या लेकराचा प्रश्न होता.

घरी सांगितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, चष्मा लागला असंल, डोळ्याच्या डॉक्टराकडं चल, मी येते.

त्या दिवशी

बारामतीतले ते डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. अक्षरं वाचायला लावली. डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास बसवून ठेवलं. मग अंधाऱ्या खोलीत बारीक उजेडाची बॅटरी घेऊन ते माझ्या डोळ्यात पाहत राहिले. एक डोळा, दुसरा, पुन्हा पहिला. मी त्यांचा श्वास ऐकत होते. मग त्यांनी दिवा लावला आणि चार प्रश्न विचारले. सकाळी डोकं दुखतं का. कुठं. उलटी झाल्यावर उतरतं का. चालताना तोल जातो का.

चारही प्रश्नांना मी हो म्हटलं. हो म्हणता म्हणताच मला कळत गेलं.

त्यांनी मला फरशीवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मी डावीकडे भिंतीवर गेले.

"बाई, नंबर नाही हा," ते म्हणाले. "सोबत कोण आलंय तुमच्या?"

मी म्हटलं, सासू बाहेर बसलीय, पण तिला लिहितावाचता येत नाही, मला सांगा, मी नर्स आहे. ते म्हणाले, तुम्हाला सांगतोच, पण त्यांनाही बोलवा. त्यांनी आत्याबाईंना खुर्ची दिली आणि त्यांच्याकडे बघूनच बोलले. डोळ्याच्या मागची नस सुजलीय. म्हणजे डोक्याच्या आत दाब वाढलाय. का वाढलाय ते पुण्याला फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. उद्याच जा. उशीर केला तर नजर जाईल.

आत्याबाईंनी एकच विचारलं, "बरी हुईल का?"

डॉक्टर म्हणाले की ते आज सांगू शकत नाहीत, पण वेळेत आलात. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती मी घ्यायला गेले, तर आत्याबाईंनी घेऊन कमरेच्या पिशवीत ठेवली. स्टँडपर्यंत त्या माझा दंड धरून चालल्या. एरवी मी हात सोडवून घेतला असता.

पुणे

दुसऱ्या दिवशी पुण्यात फोटो निघाला. लहान मेंदूत पाण्याची एक पिशवी होती आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटलेली, हरभऱ्याएवढी गाठ. लहान मेंदू तोल सांभाळतो हे मी शिकताना पाठ केलं होतं. तिथंच दाब पडत होता. आडवं झोपल्यावर तो वाढायचा, म्हणून सगळं सकाळी. ऑपरेशन करून गाठ काढावी लागेल, ती कसली आहे हे काढल्यावरच कळेल, असं डॉक्टरांनी सरांना सांगितलं. सर ते ऐकून आले आणि जिन्यात बसून राहिले. आत्याबाईंनी त्यांना उठवून आणलं.

मोठ्या दवाखान्याचा दिवस आपल्या हातात नसतो. पहाटे पाचला काखेत थर्मामीटर, मग झाडू, मग फिनेल, मग काचेच्या ग्लासातला पांढरट चहा. राउंडला डॉक्टर आले की नातेवाईक बाहेर. मुक्कामाला एकालाच पास, तो आत्याबाईंनी घेतला. मला वाटलं होतं त्या तिथं बावरतील. तिसऱ्या दिवशी त्यांना लिफ्टचा माणूस नावानं ओळखत होता आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं गरम पाणीही त्याच आणत होत्या. पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी दवाखाना भिंतीच्या रंगांवरून पाठ केला होता.

एक गोष्ट चांगली झाली. दाखल झाल्यावर सूज उतरायचं औषध सुरू केलं आणि दोनच दिवसांत माझ्या उलट्या थांबल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी सकाळी उठून गरम चहा प्यायले. आत्याबाई समोर बसून तो संपेपर्यंत बघत होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी न्हावी आला. माझे केस कमरेपर्यंत होते. आत्याबाईंनी त्याला विनवलं, मागचंच काढा, म्होरचं राहू द्या. तो म्हणाला, डॉक्टरांना विचारतो. विचारून आला आणि मागचे काढले, पुढचे ठेवले. त्यामुळे पुढं कित्येक महिने डोक्यावर पदर घेतला की कुणाला काही कळायचं नाही. त्या न्हाव्याचं नाव मला माहीत नाही.

भेटीच्या वेळेत सर आले. आत्याबाई मुद्दाम बाहेर गेल्या. मी सरांना सांगून टाकलं की मला तीन आठवडे आधी तपासता आलं असतं. मला शंका होती. डोकं दुखतं हे जुळत नाही, हे मला ठाऊक होतं आणि मी नर्स असून गप्प बसले. उद्या काही झालं तर ते माझ्यामुळे.

सर म्हणाले, "तू भिंतीला धरून चालायचीस, ते मी पाहत होतो. मीही विचारलं नाही. मलाही ते हवं होतं."

आम्ही दोघं नऊ वर्षांत मुलाबद्दल एवढं उघड कधी बोललो नव्हतो. त्या दुपारी बोललो. भेटीची घंटा झाल्यावरही नर्सनं सरांना पाच मिनिटं बसू दिलं.

तासावरनं

ऑपरेशन सहा तास चाललं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आधीपेक्षा जोरात फिरत होतं. मान लाकडासारखी झाली होती. मला वाटलं, फसलं. डॉक्टर म्हणाले, हे उतरेल, आणि ते खरंच हळूहळू उतरलं, पण रोज एवढंसं.

आठव्या दिवसापासून चालायचं होतं. पाय उचलला की कुठं पडेल याचा भरवसा नव्हता. व्यायाम शिकवणारी ताई यायची, शिकवायची आणि जायची. बाकी वेळ आत्याबाई. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात पेरणी-खुरपणी केलेली बाई. त्यांनी व्हरांड्यातल्या फरशीच्या सांध्याकडे बोट दाखवलं.

"ही रेघ म्हंजी पेरताना पाभरीनं वढलेलं तास समज. तासावरनं चाल. बाजूला पाय गेला तर बी तुडवलं जातं."

मी हसले आणि पडले. त्यांनी उठवलं. दुसऱ्या दिवशी सहा फरशा झाल्या, मग दहा. व्हरांड्यातले इतर पेशंटही मोजायला लागले.

गाठीचा अहवाल यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. सर कागद घेऊन जिना चढून आले. मीच कागद घेऊन वाचला. गाठ साधी होती. पूर्ण निघाली होती. आत्याबाईंना सांगितलं, तर त्यांनी खाटेच्या कठड्याला धरून डोळे मिटले आणि पुटपुटत वंदना म्हटली. मग म्हणाल्या, आता जरा मी झोपते. आणि भर दुपारी खाटेखालच्या चटईवर त्या संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या.

हे का लिहिलं

सकाळी उठल्यावर मळमळतं, चक्कर येते असं सांगणाऱ्या बाया माझ्याकडे पुढं वर्षानुवर्षं येत राहिल्या. बहुतेकींचं कारण साधंच निघालं. कुणी रात्री उपाशी झोपलेली, कुणाच्या अंगात रक्त कमी, कुणाचं पित्त, कुणाची साखर, कुणाच्या बीपीच्या गोळ्या जास्त. एकीचं कानाचं दुखणं होतं, कूस बदलली की खोली फिरायची. एक कुटुंब थंडीत दार-खिडकी लावून आत शेगडी ठेवून झोपायचं, तिघंही सकाळी डोकं धरून उठायची. शेगडी बाहेर काढली आणि बरी झाली. कितीतरी जणींना खरोखरच दिवस गेलेले होते. माझ्यासारखं क्वचितच कुणाचं असतं. म्हणून हे वाचून घाबरू नका.

पण डोकं सकाळी दुखत असेल आणि उलटीनं उतरत असेल, नजर धूसर झाली असेल, पाय वाकडा पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना हे सगळं एकत्र सांगा. मी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही अर्धं. आणि कुणी मनाचं आहे म्हटलं, तर मनाचं असेलही, पण आधी शरीर तपासून घ्या. तुमच्या आशेलाही मध्ये येऊ देऊ नका. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

मी कामावर परत रुजू झाले ती पावसाळा संपता संपता. एसटीच्या पायरीचा भरवसा नव्हता, म्हणून पहिला महिनाभर आत्याबाई रोज माझ्यासोबत इंदापूरहून यायच्या आणि दिवसभर उपकेंद्राच्या पडवीत बसायच्या. लस टोचायला आलेल्या बाया त्यांच्याशी बोलत बसायच्या. माझी खोली शेजारीच, खिडकी उघडी. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना विचारलेलं मला ऐकू आलं की नातवंडं किती हायेत. वहीत नाव लिहिता लिहिता माझा हात थांबला. नऊ वर्षं ह्या प्रश्नाला आत्याबाई काय उत्तर देतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. हा प्रश्न निघाला की त्या मला तिथून कशाला तरी पाठवून द्यायच्या.

"नातवंडं न्हायती," त्या म्हणाल्या. "सून हाय. ती वाचली."

बाजारात आज काय भाव होता ते सांगावं, तशा सहज आवाजात. त्या म्हाताऱ्या बाईनं 'बरं झालं बाई' म्हटलं आणि दोघी पावसाचं बोलायला लागल्या. मी नाव पूर्ण लिहिलं. ओळ सरळ आली होती. मग मी पुढच्या बाईला आत बोलावलं.